उचललेली जुडी

प्रोफेसर बिसुनदेवांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया करायची ठरली तेव्हा बेटावरच्या निम्म्या लंबासा गावाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या बायकोला, फूलमतीला, एवढंच वाटलं की चला, निदान काही दिवस तरी हा माणूस जेवायला वेळेवर घरी असेल.

तिला कुणी दगडाच्या काळजाची म्हणू नये. लग्न झाल्यापासून तिने हा गळा गावाबरोबर वाटून घेतला होता, आणि वाटणीत गावाला गाणं आलं होतं नि तिला खोकला. कुणाकडे मंगळवारचं रामायण असलं की प्रोफेसर हवेत. बारसं असो, तेरावं असो, नव्या टॅक्सीची पूजा असो, प्रोफेसर हवेतच. फगव्याच्या, म्हणजे होळीच्या महिन्यात तर चौताल गाणाऱ्यांच्या दोन ओळी समोरासमोर बसल्या की एका ओळीच्या टोकाला तिचा नवरा ठरलेला. दिवसभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचं, आणि तेही सरळ शिकवायचं नाही. मूलद्रव्यांची अख्खी सारणी त्यांनी चौतालाच्या चालीत बसवली होती. बाजारात भेंडी तोलणारा माणूससुद्धा हायड्रोजन-हेलियम गुणगुणताना तिने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. संध्याकाळ झाली की पेटी गाडीत टाकायची, "आलोच" म्हणायचं आणि निघायचं. त्या 'आलोच'च्या भरवशावर फूलमतीने इतक्या वेळा डाळ गरम केली होती की डाळीला कंटाळा आला असेल.

मूळ दुखणं गाण्याचं नव्हतंच. मूळ दुखणं हे की या माणसाच्या गळ्यातून सगळे सूर निघायचे, फक्त 'नाही' निघत नसे. कुणी म्हणालं, "मास्तरजी, फक्त पाच मिनिटं," की यांची मान आपोआप डोलायची. ताप असला तरी डोलायची. आवाज बसला तरी डोलायची. शेवटी गळ्यात गाठ आली तेव्हा फूलमती म्हणाली, "येणार नाही तर काय होईल?"

राजधानीतल्या, सुवाच्या सर्जनने गाठ काढली आणि बजावलं. बोलायचं नाही, कुजबुजायचं नाही, गुणगुणायचं तर मुळीच नाही. "जखम भरायच्या आत एक ओळ जरी गायलात, तर पुढे गाणं विसरा. बोलायला तरी येईल की नाही, सांगता येत नाही."

प्रोफेसरांनी मान डोलवली. ती मान फूलमतीच्या चांगल्या ओळखीची होती.

लंबासाला परतल्यावर तिने घराचा ताबा घेतला. एका प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका म्हणून ती निवृत्त झाली होती आणि शिस्त कशी लावायची हे तिला कुणी शिकवायला नको होतं. शाळेतून आणलेली एक जुनी पाटी तिने नवऱ्याच्या गळ्यात अडकवली. "काय हवं ते लिहा. तोंडाला कुलूप."

पण गप्प बसलेले प्रोफेसर बोलत्या प्रोफेसरांपेक्षा जास्त ताप देऊ लागले. चहा हवा असला की टेबलावर दादरा वाजे. चहात साखर कमी पडली की तोच दादरा दुप्पट लयीत. पाटीवरची अक्षरं रागानुसार मोठी होत, आणि 'माझा चष्मा कुठे' हे तीन शब्द मावायला एकदा पाटीच्या दोन्ही बाजू लागल्या. कॉलेजात रजा घ्या म्हटलं तर ऐकलं नाही. फळ्यावर लिहून, हातवारे करून, सोडियम आणि क्लोरीन एकमेकांकडे कसे ओढले जातात ते स्वतः वर्गात इकडून तिकडे धावून दाखवून त्यांनी शिकवलं, आणि मुलं म्हणाली की सरांचा इतका मजेदार तास कधी झालाच नव्हता.

त्यात गाव. प्रत्येकाच्या आजीकडे गळ्याचं औषध होतं. हळद आली, आलं आलं, मध तर इतका आला की फ्रिजमध्ये दूध ठेवायला जागा उरेना. आणि औषध देऊन झालं की प्रत्येक जण आवाज खाली आणून तेच म्हणे.

"भौजी, एकच ओळ. हळूच. मुलाचं लग्न एकदाच होतं ना."

"आणि गळा किती वेळा मिळतो?" फूलमती विचारी. "तुमच्या मुलाचं उद्या बिनसलं तर दुसरी बायको मिळेल. यांना दुसरा गळा कोण देणार?"

ढोलकवाला मुन्सामी, जो दिवसा बस चालवायचा आणि संध्याकाळी प्रोफेसरांबरोबर वाजवायचा, तोही एकदा कुरकुरला. "भौजी, तुम्ही फार कडक बोलता. लोक दुखावतात."

"दुखावू देत. तुला गाणारा हवाय का फोटोला हार घालायला हवाय?"



तोंडी मागण्यांना ती पुरून उरली असती. खरी भीती जुड्यांची होती. या भागात मोठं काही मागायचं तर कुणी हात हलवत येत नाही. नंगोनाच्या, म्हणजे कुटून पाण्यात घोळून प्यायच्या मुळांची जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची, समोर ठेवायची आणि मागणं सांगायचं. समोरच्याने जुडी उचलली की मागणारे टाळ्या वाजवतात आणि मागणं मान्य. मग राजा आला तरी शब्द फिरत नाही. रीत मुळात काईवितींची, म्हणजे या बेटांवरच्या मूळ लोकांची, पण समुद्रापलीकडून आलेल्या आपल्या लोकांच्या उसाच्या शेतात पिढ्या गेल्या तशी ती सगळ्यांचीच झाली. आपल्या पंडितजींनासुद्धा सत्यनारायणाला जुडी देऊन बोलावतात.

म्हणून फूलमतीने घरात जाहीर केलं होतं, "जुडी ओट्याच्या आत येणार नाही. कुणी ठेवली तर ओट्यावर राहील, आणि या घरातलं कुणीही तिला हात लावणार नाही. पाटीवर लिहा बघू." प्रोफेसरांनी लिहिलं. मग त्याखाली लहान अक्षरांत लिहिलं, 'मुख्याध्यापिका बाईंचा विजय असो.' तिने ते ओल्या फडक्याने पुसलं.

त्या शुक्रवारी दुपारी इलाइतिया आला.

इलाइतिया नदीपलीकडच्या गावचा. साखर कारखान्याची उसाची रूळगाडी चालवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. त्याच्याच कुळाच्या जमिनीवर प्रोफेसरांच्या वडिलांनी ऊस केला, त्यामुळे बिसुनदेव लहानपणी अर्धे त्याच्या घरी वाढले. त्याची बायको मेरेसेइनी खेकडे विकायची आणि गायची. गाव प्रोफेसरांच्या गाण्याचं मूळ रामायण मंडळीत शोधत असे, पण फूलमतीला ठाऊक होतं की पोरवयात त्यांना पहिला सूर मेरेसेइनीने दिला होता. ती एक ओळ गायची आणि त्याच ओळीवर वेगळा सूर धरायला ह्यांना लावायची. चुकले की खेकड्याची नांगी दाखवून भीती घालायची.

इलाइतियाच्या अंगात काळा सदरा होता. काखेत वर्तमानपत्राची लांब जुडी होती. रस्त्यावर छोटा ट्रक उभा होता आणि त्यात त्याचे भाऊबंद बसले होते.

"बुला, मरामा," त्याने बाईंना नमस्कार केला.

फूलमतीने आधी जुडी बघितली आणि मग सदरा. "मेरेसेइनी?"

"काल. पहाटे."

ती मटकन ओट्यावर बसली. मेरेसेइनी तिच्या लग्नात दालोच्या कंदांची पाटी डोक्यावर घेऊन आली होती आणि नवऱ्या मुलीला सगळ्यांदेखत म्हणाली होती, "हा मुलगा फार गातो. दार लावून घेत जा." उभ्या आयुष्यात फूलमतीला कुणी नीट सल्ला दिला असेल तर तो तिनेच. दार मात्र कधी लागलं नाही.

"रविवारी चौथा दिवस," इलाइतिया म्हणाला. "सगळे जमतील. ती सांगून गेली आहे की तिचं होडीचं गाणं बिसुनने म्हणायचं. दुसऱ्या कुणी नाही."

"इलाइतियाभाऊ, त्यांचा गळा कापलाय."

"मला माहीत आहे."

"एक ओळ गायले तर आवाज जाईल. कायमचा."

"तेही कळलं. सगळ्या बाजाराला कळलंय." त्याने जुडी ओट्याच्या कडेवर ठेवली. "पण तिने सांगितलंय ते मी मागायला नको? मी मागतो. तुम्ही नाही म्हणा. मग मी जाऊन तिच्यापुढे सांगू शकेन की मागितलं."

यावर भांडण कसं करायचं? साधा, सरळ माणूस, डोळे सुजलेले.  "मी जुडीला हात लावणार नाही," ती शेवटी म्हणाली. "राग मानू नका."

"नाही मानत. बिसुन येईपर्यंत मी आंब्याखाली बसतो. त्याला भेटून जाईन."

ती आत गेली आणि उगाच भांडी घासू लागली. घासलेली भांडी पुन्हा घासली. दोरीवर चादरी वाळत होत्या, आणि कारखाना सुरू असल्यामुळे त्यांच्यावर काजळी पडत होती. तेवढ्यात पत्र्यावर टपटप सुरू झालं.

काजळी पडलेल्या चादरींवर पाऊस पडला तर त्या पांढऱ्या होणं पुढल्या जन्मीच. फूलमती धावली. मनात मेरेसेइनी होती, डोळ्यांत पाणी होतं, तोंडाने ती पावसाला, कारखान्याला आणि नवऱ्याला एकत्र शिव्या देत होती. दोरीवरून चादरी ओढल्या, उशांचे अभ्रे ओढले, परकर ओढला. ओट्यावर चढली तर कडेला ठेवलेला कागद भिजायला लागलेला. चांगली जाड मुळं, महागाची, आणि भिजून वाया जाणार. तिने एक हात मोकळा केला, जुडी उचलली, चादरींवर टाकली आणि आत जायला वळली.

आंब्याखालून टाळ्या आल्या. ओंजळ पोकळ करून वाजवलेल्या, जाड, सावकाश टाळ्या. मागोमाग ट्रकातूनही आल्या.

फूलमती जागच्या जागी थिजली. कपड्यांच्या ढिगावर जुडी, जुडीवर तिचा हात.

"मी कपडे आणत होते!" ती ओरडली.

इलाइतिया पावसात उठून उभा राहिला. त्याचाही चेहरा पडला होता. "मरामा, मी बघितलं. कपडेच आणत होता."

"मग टाळ्या का वाजवल्या?"

"हात आपोआप वाजले." त्याने मागे ट्रककडे बघितलं. "आणि आता त्यांनीही वाजवल्या. मेरेसेइनीच्या भावानेही बघितलं. तुम्ही उचललंत."

"मी परत ठेवते."

"परत ठेवलंत तर मेलेल्या बाईला तोंडावर नाही म्हटल्यासारखं होईल. त्यापेक्षा आधी उचललीच नसती तर बरं होतं."

"मला हेच सांगताय? गेले कितीतरी दिवस मी डोळ्यांत तेल घालून दुसरं काय करतेय!"

इलाइतियाने पायाने चिखल सारखा केला. मग म्हणाला, "एक आहे. बिसुनने काही उचललेलं नाही. उचललंय तुम्ही. मग द्यायचंही तुम्हीच. सुरुवात तुम्ही केलीत तरी कुणी बोट दाखवणार नाही."

"गायला? मी?"

"तुम्ही."

आता फूलमतीच्या गाण्याविषयी सांगायला हवं. मुख्याध्यापिका असताना रोज सकाळी ती प्रार्थनेला फक्त ओठ हलवायची, आणि हे पहिलीतल्या पोरांनाही माहीत होतं. एकदा रामायणाच्या आरतीत ती चुकून मोठ्याने गायली, तेव्हा मुन्सामीने ढोलक थांबवून इकडे तिकडे बघितलं होतं की काय पडलं. लंबासातला सगळ्यात गोड गळा आणि सगळ्यात बेसूर गळा एकाच घरात नांदत होते.

प्रोफेसर कॉलेजातून आले तेव्हा पाऊस थांबला होता. इलाइतियाला मिठी मारून ते कितीतरी वेळ तसेच उभे राहिले.  ट्रक गेल्यावर ते आत येऊन खुर्चीत बसले. पाटी मांडीवर होती, पण त्यांनी काही लिहिलं नाही. दादरा नाही, हातवारे नाहीत. तो गप्पपणा मात्र फूलमतीला सोसवेना. रोज सकाळी दाढी करताना या माणसाचं गुणगुणणं सुरू झालं की ती न्हाणीघराचं दार आपटायची. आता कित्येक दिवस ते दार आपटायचं कारणच उरलं नव्हतं, आणि तिला घर परक्याचं वाटायला लागलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पण एवढ्याचसाठी तिने साऱ्या गावाशी वैर घेतलं होतं.

शेवटी प्रोफेसरांनी खडू उचलला. 'मी गातो. तिच्यासाठी.'

"नाही."

'एकच ओळ.'

"जुडी मी उचलली. देणारही मीच. इलाइतियाभाऊंनी सांगितलंय."

प्रोफेसरांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माणूस हसत होता, आवाज न करता, पोट धरून. फूलमतीला इतका संताप आला की तिने पाटी हिसकावून घेतली.

"हसा! गाव गोळा करून हसा! आणि आता मला शिकवा. उद्याचा एक दिवस आहे. आणि शपथ घ्या की तिथे तोंड उघडणार नाही. मान नका डोलवू! तुमच्या मानेवर माझा काडीचा विश्वास नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवा."

त्यांनी हात ठेवला. 

शनिवारचा दिवस त्या दोघांच्या संसारातला सगळ्यात वाईट दिवस होता. गाणं पाच ओळींचं. नदीला पूर आलाय, होडी पलीकडे आहे, आणि पलीकडची बाई म्हणतेय की पाणी उतरलं की हाक मार, मी येईन. शब्द फूलमतीला पाठ होते, इतकी वर्षं कानावर पडलेले. पण सूर! प्रोफेसर पेटीवर पट्टी दाबत, ती भलतीकडेच जाई. ते हाताने वर दाखवत, ती आवाज मोठा करी. ते पाटीवर लिहीत, 'वर म्हणजे मोठ्याने नाही. वर म्हणजे वर.' ती म्हणे, "मग तसं सांगा ना!" ते पुन्हा पट्टी दाबत.

आणि तेव्हा एक नवल घडलं. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यावर न चिडलेला, ढ पोरालाही 'तुला जमेल बेटा' म्हणणारा, साऱ्या गावाचा लाडका प्रोफेसर बिसुनदेव बायकोवर चिडला. खडू मोडला. पेटीचं झाकण आपटलं. कपाळावर हात मारला. पाटीवर लिहिलं, 'तू कानाने ऐकतेस की कोपराने?'

"वा! परक्यांच्या पोरांना मध आणि घरच्या बाईला हे!" फूलमतीनेही पदर खोचला. "शिकवणाऱ्यालाच शिकवता येत नसेल तर विद्यार्थ्याने काय करायचं? मी मुख्याध्यापिका होते, असल्या मास्तरला मी एका दिवसात घरी बसवलं असतं!"

संध्याकाळी मुन्सामी साथ द्यायला आला. त्याने पहिल्या दोन ओळी ऐकल्या, ढोलक उचललं आणि म्हणाला, "भौजी, मी उद्या फक्त गाडी चालवतो."

रविवारी दुपारी ते नदी ओलांडून गेले. फूलमतीने रीतीप्रमाणे पिठाची गोणी आणि कापडाचा तागा आणला होता. मोठ्या घरात चटया अंथरलेल्या, त्यावर काळ्या कपड्यांतली माणसं दाटीवाटीने बसलेली, बाहेर भट्टीतून दालो निघत होता. नंगोनाचा बिलो, म्हणजे करवंटीचा पेला, फिरत होता. अशाच एका जुडीने आपल्याला इथे आणलं, फूलमतीच्या मनात आलं. प्रोफेसर तिच्या समोरच्या ओळीत बसले, चौतालाला बसत तसे. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते.

इलाइतियाने तिच्याकडे बघून मान लववली.

फूलमतीने डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिला सूर चुकला हे तिलाही कळलं, म्हणजे तो किती चुकला असेल याचा विचार करा. तिने डोळे आणखी घट्ट मिटले आणि तशीच पुढे गेली. आणि मग तिच्या सुराच्या खालून एक आवाज आला. मागून दुसरा. उजवीकडून बायकांचा. कुणी तिला सुधारलं नाही. तिने जो चुकीचा सूर धरला होता तोच खरा मानून साऱ्या घराने आपापले सूर त्याच्याभोवती बसवले, आणि तिची वेडीवाकडी ओळ त्या सगळ्यांच्या मध्ये सरळ होऊन गेली. काईविती मंडळी गायला बसली की जो सुरुवात करील त्याच्या मागे जातात, हे तिने शंभरदा बघितलं होतं. आज पहिल्यांदा ती पुढे होती.

पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरी ओळ म्हणजे हाक. मेरेसेइनी ती ओळ गायची तेव्हा नेमका तिथे बिसुनचा सूर वरून यायचा. फूलमतीने तोंड उघडलं आणि शब्द गेले. पाठ असलेले, आयुष्यभर ऐकलेले शब्द, सगळे गेले. घर थांबलं, तिची वाट बघत.

तिने डोळे उघडले. समोर नवरा होता. गाल ओले, हात मांडीवर लय धरून, आणि गळ्याची शीर ताठ झालेली. फूलमतीने ती शीर बघितली आणि तिच्या मनाने कोलांटीच मारली. खड्ड्यात गेला सर्जन. खड्ड्यात गेला गळा. ज्या बाईने या माणसाला सूर दिला तिच्यासाठी नाही गायचं तर गळा हवाय कशाला? तिने इतके दिवस दार अडवून धरलं होतं, आणि आता तीच डोळ्यांनी काकुळतीला येऊन विनवत होती. गा. मी सांगते. गा आता.

प्रोफेसरांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना कळलं. आणि त्यांनी बोट ओठांवर ठेवून मान हलवली. नाही.

लंबासातल्या कुठल्याही माणसाला त्यांनी कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं ते तिला, आणि तिच्याच डोक्यावर हात ठेवून दिलेल्या शब्दासाठी. मग त्यांनी तेच बोट खाली आणलं आणि हवेत हळूच वर नेलं. वर म्हणजे मोठ्याने नाही. वर म्हणजे वर.

शब्द परत आले. तिने हाक मारली. आवाज फाटला, पण वर गेला, आणि घराने तिला झेललं. म्हाताऱ्या इलाइतियाने डोळे मिटून वरचा सूर धरला, ज्या जागी बिसुनचा असायचा तिथे.

ठरलेल्या दिवशी ती दोघं दवाखान्यात गेली. लंबासाची डॉक्टरीणही प्रोफेसरांचीच विद्यार्थिनी, तिलाही सारणी चालीवर पाठ. तिने आरशाने गळा बघितला, पुन्हा बघितला. फूलमती पर्सचा पट्टा पिळत बसली होती.

"छान भरलंय," डॉक्टरीण म्हणाली. "गाण्याचं पुढे हळूहळू बघू. पण बोला आता, सर. दोन-चारच वाक्यं. हळू."

फूलमतीने श्वास रोखला. इतक्या दिवसांनी तोंड उघडणार होतं. कदाचित देवाचं नाव घेतील. कदाचित तिचं घेतील. इतकं केल्यावर तेवढं तरी घ्यायला हरकत नव्हती.

प्रोफेसरांचे ओठ हलले. आवाज आला तो बारीक आणि खरखरीत, जुन्या नळातून पाणी यावं तसा थांबून थांबून. पण त्यांचाच होता.

"तिसऱ्या ओळीच्या आधी," ते म्हणाले, "तू श्वास घेतलाच नाहीस."

 फूलमतीचा चेहरा लाल झाला. बोलायला तिने तोंड उघडलं, आणि शब्दांऐवजी रडूच आलं, पदराने आवरेना असं. तिने नाक पुसलं आणि खुर्ची ओढून नवऱ्याच्या अगदी जवळ आणली.

"आणखी काय चुकलं?" ती म्हणाली. "सांगा ना. सगळं सांगा."